रायझन ५६००एक्स प्रोसेसरचे सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर न्यायला १.४ व्होल्ट ठेवू का? (बेळगाव, एअर कूलर)

उद्यमबाग_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं जॉबवर्कचं शॉप आहे. पीसी एकच. दिवसा मी त्यावर टूलपाथ (मशीनच्या कटरचा मार्ग) काढतो, रात्री धाकटा भाऊ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर (सीनची चित्रं बनवायचं काम) लावतो. रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, एका पंख्याचा टॉवर कूलर, डीडीआर४ ३६०० ची ३२ जीबी रॅम. प्रोसेसर आणि बोर्ड सेकंडहँड घेतलेत, वॉरंटी नाही. जळला तर लगेच दुसरा घेणं जमणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

भावाला रेंडर लवकर हवाय. यूट्यूबवर एका व्हिडिओत सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर लॉक करून व्होल्टेज १.४ ठेवायला सांगितलंय. ज्यांच्याकडून माल घेतला ते म्हणाले, "१.५ पर्यंत काय होत नाही, बिनधास्त लावा." आणि एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर काही काम चालू नसताना, नुसता डेस्कटॉप उघडा असताना १.४५ दिसतंय, मध्येच १.४८. म्हणजे १.४ त्याहून कमीच झालं की. मग धोका नेमका कुठे आहे? बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) अजून काही बदललेलं नाही.

चव्हाट_गल्ली

लावा की. माझा इंटेल आय५ २५००के २०१२ पासून ४.५ वर १.३८ व्होल्टला चाललाय. आजही घरातली पोरं त्यावरच गेम खेळतात. कूलर चांगला असला की झालं, व्होल्टेजचा एवढा बाऊ करायचं कारण नाही.

शहापूरकर

१.४ लावू नका. आधी तुम्हाला दिसलेलं १.४५ काय आहे ते बघू, सगळा घोळ तिथेच आहे.

या रायझनमध्ये प्रोसेसर स्वतःच बोर्डाकडे व्होल्टेज मागतो आणि ही मागणी क्षणोक्षणी बदलते. एकदोन कोअरवर हलकं काम आलं की ४.६ पर्यंत उडी मारायला तो १.४५ मागतो, कधी १.५ च्या जवळही जातो. त्या वेळी करंट अगदी थोडा असतो आणि बाकीचे कोअर झोपलेले असतात. एचडब्ल्यूइन्फो स्वतः सतत वाचन घेत असतो, तेवढ्यानेही एखादा कोअर जागा होतो, म्हणून रिकाम्या डेस्कटॉपवर तुम्हाला आकडा उंच दिसतो. आता भावाचा रेंडर लावा आणि तोच आकडा बघा. तो १.२ ते १.३ च्या मध्ये कुठेतरी उतरलेला दिसेल.

तुमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. एंडमिल कटर ६००० आरपीएमवर हवेत कितीही वेळ फिरवा, धार जात नाही. त्याच आरपीएमवर ती ईएन८ स्टीलमध्ये घातली की धार जाते. हलक्या कामातलं १.४५ म्हणजे हवेतलं फिरणं. सहाही कोअर लोडवर असताना १.४ म्हणजे पूर्ण कटात.

आणि व्हिडिओतल्या पद्धतीत दुसरा तोटा आहे. वेग आणि व्होल्टेज हाताने लॉक केलं की प्रोसेसरची स्वतःची राखण बाजूला होते. ५६००एक्सला मुळात ७६ वॉट, ६० अँपिअर सलग आणि ९० अँपिअर क्षणिक अशा मर्यादा आहेत. त्याशिवाय आत एक देखरेख चालू असते, ती तापमान आणि करंट बघून किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवते. लॉक केल्यावर यातलं काही उरत नाही, फार तापल्यावर मशीन बंद पडण्याची शेवटची सोय तेवढी राहते.

हिशेब करून बघा. चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग अशी वाढते. १.२ चं १.४ केलं आणि ४.४ चं ४.७ केलं, तर वेग जेमतेम ७ टक्के वाढतो आणि वीज ४५ टक्के. गळतीचा करंट वेगळाच, तो उष्णतेबरोबर वाढतो. ही सगळी उष्णता नखाएवढ्या चिपलेटमधून (कोअर असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून) बाहेर काढायची आहे. ५६००एक्सचे सगळे कोअर एकाच चिपलेटवर आहेत, त्यामुळे कूलर कितीही मोठा लावला तरी उष्णता तिथून निघायलाच वेळ लागतो.

प्रोसेसर एका दिवसात जळत नाही, म्हणून लोकांना १.४ सुरक्षित वाटतं. आत तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा आहेत. जोराचा करंट सतत वाहिला की इलेक्ट्रॉनच्या धक्क्याने तांब्याचे अणू जागचे सरकत जातात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचं समीकरण मांडलं. करंटची घनता वाढली की तारेचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि तापमानाचा परिणाम तर घातांकी असतो. बाहेरून एवढंच दिसतं की कालपर्यंत ४.७ ला १.३५ वर स्थिर चालणारा प्रोसेसर काही महिन्यांनी १.३७ मागायला लागतो, मग १.४. लोक व्होल्टेज वाढवत राहतात आणि झीज आणखी वेगाने होते.

चव्हाट_गल्ली

मग माझ्या २५००के ला काही कसं झालं नाही? इंटेलच्या कागदावर १.५२ पर्यंत लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

शहापूरकर

तुमचा २५००के खरंच दणकट आहे, आणि १.३८ त्याला झेपतं हेही खरं. तो २०११ चा, ३२ नॅनोमीटरचा, चार कोअरचा. ५६००एक्स ७ नॅनोमीटरचा. तारा बारीक, कोअर जास्त दाटीने, तेवढ्याच जागेत करंट जास्त. एका पिढीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

१.५२ बद्दल. ती व्हीआयडीची वरची हद्द आहे, म्हणजे प्रोसेसर जास्तीत जास्त कुठपर्यंत मागणी नोंदवू शकतो ती पट्टी. त्याच डेटाशीटमध्ये करंटची आणि तापमानाची मर्यादाही दिलेली असते आणि तिन्ही एकत्र पाळायच्या असतात. पूर्ण लोडवर वर्षानुवर्षं १.५२ द्या, असा त्याचा अर्थ होत नाही.

उद्यमबाग_व्हीएमसी

पटलं. एंडमिलवरून तर लगेच डोक्यात शिरलं. मग सगळे कोअर लोडवर असताना किती ठेवलं तर चालेल? एक आकडा सांगा ना.

शहापूरकर

आकडा सांगतो, पण तो कुठे वाचायचा हे आधी. बायोसमध्ये टाकलेला आकडा धरायचा नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये दोन व्होल्टेज दिसतात. बोर्डावरच्या सेन्सर चिपचं व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज) बाजूला ठेवा, ते बऱ्याच बोर्डांवर चुकतं. प्रोसेसरच्या नावाखाली "एसव्हीआय२ टीएफएन" असं लिहिलेलं जे असतं ते बघा, आणि तेही पूर्ण लोडवर असताना.

तिथे वाचलेलं १.२५ मी ७ नॅनोमीटरच्या कुठल्याही रायझनला निर्धास्त देईन. १.३ ही माझी वरची मर्यादा, आणि तीसुद्धा तापमान ८० च्या आत असेल तर. अनुभवावरून धरलेल्या मर्यादा आहेत या, कंपनीने छापलेल्या नाहीत.

स्वतःच्या चिपचं उत्तर काढायची याहून चांगली रीत आहे. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह चालू करून वॉट आणि अँपिअरच्या मर्यादा बोर्डाच्या हवाली करा, वेग आणि व्होल्टेज ऑटोवरच राहू द्या. मग प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) त्याच्या स्मॉल एफएफटी टेस्टवर थोडा वेळ चालवा आणि व्होल्टेज वाचा. मर्यादा उठवलेल्या असतानाही चिपची स्वतःची देखरेख त्या तापमानाला जेवढं व्होल्टेज देते, तेवढंच ती सुरक्षित मानते. त्याच्या वर हाताने जायचं नाही. प्रत्येक चिपचा हा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणूनच व्हिडिओतला १.४ तुमच्या कामाचा नाही.

ड्राइव्ह_दुरुस्ती

मीही उद्यमबागेतच, सीएनसीच्या ड्राइव्ह कार्डांची दुरुस्ती करतो. यात एक गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही म्हणून लिहितोय.

लोड आला की व्होल्टेज थोडं बसतं. बायोसमध्ये १.३० टाकलं तर लोडवर १.२६ दिसेल. हे मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बसू नये म्हणून बोर्डात लोडलाइन कॅलिब्रेशन देतात आणि लोक ते सगळ्यात वर नेऊन ठेवतात, आकडा सरळ रेषेत दिसला की बरं वाटतं म्हणून. मी सॉकेटच्या मागच्या कॅपॅसिटरवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून बघितलंय. लांब ग्राउंड क्लिप काढून टोकाची छोटी स्प्रिंग वापरली, नाहीतर नुसता नॉइज दिसतो. सर्वात कडक सेटिंगवर लोड सुटला त्या क्षणी १.३० च्या रेषेवरून टोक वर उडालं, १.३८ च्या पुढे, आणि काही मायक्रोसेकंदांत खाली आलं. मधल्या सेटिंगवर ते टोक जवळजवळ नाहीसं झालं. एचडब्ल्यूइन्फो दोन सेकंदांनी एकदा वाचतो, त्याला हे कधीच सापडणार नाही. रेंडरमध्ये लोड सारखा चढतो-उतरतो, म्हणजे हे टोकही सारखं बसत राहणार.

आणि पातळ्यांच्या आकड्यांवर जाऊ नका. असूसच्या बोर्डावर मोठा आकडा म्हणजे कडक, एमएसआयवर मोड १ सर्वात कडक. बाजूला आलेख काढलेला असतो, तो बघा. मी मधलं ठेवतो, व्होल्टेज थोडं बसू देतो.

कणकुंबी_पाऊस

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. व्होल्टेज कधी १७० तर कधी २५०. अशा ठिकाणी प्रोसेसरचं व्होल्टेज हाताने सेट केलं तर बाहेरच्या चढउताराने ते वरखाली होऊन चिप जाईल ना? आधी स्टॅबिलायझर घ्यावा का?

हिंडलग्याचे_काका

वायरिंगच्या कामात माझा जन्म गेलाय, म्हणून मी सांगतो. भिंतीतल्या २३० चा आणि प्रोसेसरच्या १.२ चा थेट संबंध नाही. मध्ये दोन टप्पे आहेत. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) २३० चं १२ व्होल्ट डीसी करतो. ते आठ पिनांच्या केबलने बोर्डावर येतं, आणि प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी जी कॉइल आणि मॉसफेटची रांग असते ती १२ चं १.२ करते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० पर्यंत कुठल्याही व्होल्टेजला १२ तेवढंच ठेवतो. १२ च्या लाइनला वरखाली पाच टक्के सूट असते, ११.४ ते १२.६. त्यात असेल तर पुढचं बोर्ड सांभाळतं.

तेव्हा स्टॅबिलायझरपेक्षा एसएमपीएसवर खर्च करा. मागे ११५/२३० चा लाल स्विच असलेला जुना स्वस्त डबा असेल तर ओव्हरक्लॉकचा (वेग हाताने वाढवण्याचा) विचारही करू नका. लाईट जाऊन यूपीएसवर यायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ चांगल्या एसएमपीएसमधला मोठा कॅपॅसिटर तग धरतो, साधारण १६-१७ मिलिसेकंद. लोड जेवढा वाढवाल तेवढा हा वेळ कमी. जास्त व्होल्टेज लावल्यावर लाईट जाताच पीसी बंद पडायला लागला, तर दोष यूपीएसच्या बॅटरीचाच असेल असं नाही. २५० च्या वर जात असेल तर मात्र तुमच्या लाइनवर कटऑफ असलेला यूपीएस हवाच.

आणखी एक विचारतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या हाताने शिवल्यावर झिणझिण्या येतात का? आपल्या भागात जुन्या वाड्यांत, कौलारू घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची वायर कुठेच जात नाही. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कॅपॅसिटर मग पत्र्यावर व्होल्टेज आणून ठेवतात. पहिल्यांदा अर्थिंग करून घ्या. बायोसमधली सगळी कारागिरी त्याच्यानंतर.

कणकुंबी_पाऊस

झिणझिण्या येतात काका, बरोबर ओळखलंत. माणूस बोलावतो.

निपाणी_वखार

माझ्याकडे इंटेल १३७००के आहे. घेतल्यापासून ऑटोवरच चालवतोय, त्रास काही नाही. पण १३ व्या-१४ व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात अशा बातम्या वाचून धास्ती वाटते. त्याला काय करावं?

शहापूरकर

तुमच्या बाबतीत ऑटोच तपासायची वेळ आहे. त्या प्रोसेसरांमध्ये आतून होणारी व्होल्टेजची मागणी काही वेळा फार उंच जात होती आणि त्याने कोअरमधल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला, त्यात १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या अडवल्या. सप्टेंबरात ०एक्स१२बी आला आणि २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. हे बोर्डाच्या बायोसमधून येतात. बोर्डाच्या संकेतस्थळावरून नवीन बायोस घ्या, मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये मायक्रोकोडचा आकडा तपासा. बायोसमध्ये "इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज" निवडा. १३७००के ला २५३ वॉटची मर्यादा आहे, बरेच बोर्ड ती परस्पर उठवून ठेवतात.

झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. गेम चालू होताना ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश आला, किंवा मोठी झिप फाइल उघडताना विनाकारण एरर आली, तर प्रोसेसरवर संशय घ्या. बिल जपून ठेवा. या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे.

त्याला आणखी वर ओव्हरक्लॉक करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच असेल तर उलट दिशेने, थोडा ऋण ऑफसेट देऊन व्होल्टेज कमी करा.

निपाणी_वखार

बिल आहे. बायोस आजच बघतो. आमचं घर तंबाखूच्या वखारीला लागून आहे, कूलरच्या फिन्सवर तपकिरी चिकट थर बसतो, नुसत्या फुंकणीने निघत नाही. ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर लोडवरचं तापमान ९६ वरून ८५ वर आलं होतं.

शहापूरकर

अकरा डिग्री फार झाल्या. कुठलंही व्होल्टेज ठरवायच्या आधी ही सफाई करायची. मूळ पोस्टवाल्यांनीही वाचावं हे. शॉपमध्ये कूलंटची वाफ आणि कास्ट आयर्नची बारीक भुकटी असते. ती बोर्डावर बसली तर शॉर्टच होईल. पीसी मशीनपासून लांब, बंद केबिनमध्ये आहे ना?

उद्यमबाग_व्हीएमसी

केबिनमध्ये आहे, काचेचा दरवाजा. पण वर पत्रा आहे, एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही.

शहापूरकर

मग टेस्ट दुपारीच घ्या. कूलर खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक डिग्रीच राखू शकतो. बेळगावात जानेवारीच्या सकाळी खोली १८ ला असते आणि ७० दिसतं, तेच मे महिन्यात पत्र्याखाली ३८ ला ९० होईल. थंडीत काढलेला आकडा उन्हाळ्यात टिकत नाही. माझ्याकडे असे पीसी दर वर्षी एप्रिलमध्ये येतात. दिवाळीत व्यवस्थित चालत होता, आता रेंडरमध्ये बंद पडतो, म्हणतात.

तुम्ही करायचं ते असं. लॉक वगैरे काही नको. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या आतच कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. त्यात ऑल कोअर, निगेटिव्ह, १० टाका. एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात, म्हणजे १० ला ३० ते ५० मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी झालं की उष्णता कमी, आणि वाचलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. चिपची राखणही चालू राहते. वॉटची मर्यादा ७६ वरून ९५ करा, त्याहून जास्त तुमच्या कूलरला नको.

त्याआधी रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाला चालवणारं सेटिंग) चालू आहे का बघा. बरेच जण ३६०० ची रॅम घेतात आणि ती २१३३ लाच चालत राहते. चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं) १.१ च्या आसपास आहे ना, तेही वाचा. १.२ च्या वर दिसलं तर हाताने १.१ करा.

संकेश्वर_स्टुडिओ

एसओसी व्होल्टेज निघालंच आहे म्हणून. मी लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतो, रायझन ७६०० आहे. रॅमचं एक्सपो (एएमडीचं एक्सएमपी) चालू केल्यावर एसओसी १.२५ दिसतं. ठीक आहे का?

शहापूरकर

ठीक आहे. ७००० मालिकेत वरची मर्यादा १.३. २०२३ मध्ये ७८००एक्स३डी जळाल्याच्या घटना झाल्या, एक्सपो लावल्यावर काही बोर्ड एसओसीला फारच जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच १.३ वर कुलूप घातलं. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर अपडेट करा. आणि तुमच्याकडे लोडवर तापमान ९५ पर्यंत गेलं तर घाबरू नका, ७००० मालिका तिथपर्यंत जाण्यासाठीच बनवलेली आहे. ५६००एक्सला मात्र ९५ ही शेवटची हद्द.

उद्यमबाग_व्हीएमसी

केलं. जसं सांगितलं तसं, दुपारी पत्र्याखाली.

काहीही न बदलता रेंडरला ४.४ च्या आसपास, १.२३ व्होल्ट, ७६ डिग्री. मर्यादा उठवून प्राइम९५ ला चिपने स्वतः १.२७ दिलं, ८८ पर्यंत गेला, लगेच बंद केलं. एक्सएमपी खरंच बंद होतं! चालू केल्यावर एसओसी १.१ वर आहे. कर्व्ह ऋण १० आणि ९५ वॉटला रेंडर ४.५५ वर, १.२४ व्होल्ट, ७९ डिग्री. मग ऋण २० केलं तर ४.६, व्होल्टेज १.२२, तापमान तेवढंच. रेंडर रात्रभर व्यवस्थित झाला. पण सकाळी पीसी नुसता चालू असताना, कोणी हात लावलेला नसताना आपोआप रीस्टार्ट झाला. लोडवर स्थिर आणि रिकामा असताना रीस्टार्ट, हे कसं काय?

शहापूरकर

कर्व्हमध्ये हेच होतं. पूर्ण लोडवर वेग ४.६ आणि व्होल्टेज पुरेसं. रिकामा असताना एखादा कोअर क्षणभर एकटाच ४.६५ वर उडी मारतो, तिथे २० पायऱ्यांची कपात त्याला सोसत नाही. म्हणून फक्त सिनेबेंच (वेग मोजायची टेस्ट) आणि रेंडरवर तपासून भागत नाही.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिममध्ये व्हीया-लॉगर (हार्डवेअरच्या एररच्या नोंदी) शोधा. इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर अशी नोंद असेल. खाली एपीआयसी आयडी असतो, त्यावरून कुठला कोअर पडला ते कळतं. बहुतेक तुमच्या चिपच्या सर्वोत्तम दोन कोअरपैकी एक निघेल. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यावर तारा किंवा ठिपका अशी खूण दिसते. कारखान्यातच त्यांना कमी व्होल्टेजवर जास्त वेग लावून दिलेला असतो, त्यामुळे अजून कापायला जागा थोडी. त्या दोघांना ऋण ८ किंवा १० ठेवा, बाकी चौघांना २०. मग कोअरसायकलर नावाचं फुकट साधन आहे, ते एकेका कोअरवर पाळीपाळीने प्राइम९५ चालवतं. ते रात्री लावून झोपा.

ड्राइव्ह_दुरुस्ती

कर्व्ह वापरताना लोडलाइन ऑटोवरच ठेवा बरं का. कर्व्ह आणि लोडलाइन दोन्ही एकदम हलवलं तर कोणामुळे काय झालं ते कळणार नाही.

उद्यमबाग_व्हीएमसी

इव्हेंट १८ च होता, आणि पडला तो ताऱ्याचाच कोअर. त्या दोघांना ८ केलं, बाकी २०. कोअरसायकलर पूर्ण रात्र चाललं, एकही एरर नाही. त्यानंतर रीस्टार्टही नाही, इव्हेंट व्ह्यूअर कोरा. लोडलाइन ऑटोवर.

भावाचा जो सीन आधी ४१ मिनिटं घ्यायचा तो आता ३९ मध्ये होतो. त्याला अजून हवंय. टूलपाथ मात्र एक्सएमपी चालू केल्यापासून पहिल्यापेक्षा लवकर निघतात असं मला वाटतंय, मोजलेलं नाही.

चव्हाट_गल्ली

वाचतोय सगळं. १.२२ वर ४.६ मिळत असेल तर १.४ ची गरजच नाही, मान्य.

शहापूरकर

तुमच्या चिपमधून एवढंच निघेल, भावाला सांगा. पुढच्या दोन मिनिटांसाठी १.४ लावून चिप झिजवण्यात काही राम नाही. रेंडरचा वेळ खरोखर निम्म्यावर आणायचा असेल तर पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घ्या. ब्लेंडरचं सायकल्स (रेंडर करणारा भाग) कार्डावर चालतं, आणि साधारण मध्यम कार्डसुद्धा सहा कोअरच्या प्रोसेसरला खूप मागे टाकतं. कार्ड घ्याल तेव्हा एसएमपीएस कुठला आहे ते इथे लिहा, काका बघून सांगतील.

आत्ता एक काम करा. बायोसमधल्या कर्व्हच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला की हे सगळं पुसलं जातं, एक्सएमपीसुद्धा. एखाद्या सेटिंगला मशीन चालूच झालं नाही तरी या सेलचाच उपाय. वीज बंद करून तो सेल पाच मिनिटं काढायचा, परत लावायचा, सगळं मूळ ठिकाणी येतं.

उद्यमबाग_व्हीएमसी

फोटो काढला, शॉपच्या ग्रुपवरही टाकला म्हणजे भावाकडेही राहील. एसएमपीएसवर ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ लिहिलंय. कार्डाचं दिवाळीनंतर बघू.

हिंडलग्याचे_काका

५५० आहे म्हणता, तर त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचून कळवा. वॉटचा मोठा आकडा सगळेच छापतात. १२ ला ४२-४५ अँपिअर असतील तर मध्यम कार्डाला पुरेल.

उद्यमबाग_व्हीएमसी

४५ लिहिलंय काका.

हिंडलग्याचे_काका

मग चालतंय. कार्ड घेताना आठ पिनांची एकच जोडणी लागेल असं बघा.

कणकुंबी_पाऊस

अर्थिंगचा खड्डा काल झाला. झिणझिण्या गेल्या. माझा ५६०० आहे, एक्स नसलेला. त्यालाही कर्व्ह चालेल का?

शहापूरकर

चालेल, बी४५० किंवा बी५५० बोर्ड असेल तर. ५६०० ची तापमानाची हद्द ९०, एक्सपेक्षा पाच कमी, तेवढं लक्षात ठेवा. ऋण १० पासून सुरू करा आणि बोर्ड कुठला ते लिहा.